दगड तुमचा, गवत माझं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सर्वांच्या आणि आपल्यापैकी काहींच्या आईवडिलांच्याही मुख्याध्यापिकाबाई. व्यासपीठावर विराजमान असलेले प्रस्तरारोहण मंडळाचे सचिव वकीलसाहेब. जिच्यासाठी हे सभागृह भरलं आहे आणि जी मघापासून इथून निसटायला दुसरं दार आहे का ते पाहते आहे, ती आपली सत्कारमूर्ती शिलाईकाकी. पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची नाकारून दाराशी उभे असलेले टायरवाले भाऊ. आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

विषयाला हात घालण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवणं मला कर्तव्य आहे. या व्यासपीठावर पाण्याचे चार पेले ठेवले आहेत. तीन पेल्यांवर झाकण आहे. चौथा पेला माझा आहे. वार्ताहराच्या पाण्यात काही पडलंच तर तो ते बातमी समजून गिळून टाकील, असा संयोजकांचा होरा असावा. मी सूचक नजरेने अध्यक्षाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चौथीच्या वर्गात पाहायच्या तसंच माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या झाकणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि आपल्याच पेल्यातला घोट घेतला. तरीही अन्याय तो अन्याय, आणि तो इतिवृत्तात नोंदला जावा.

असो. आज बाहेरगावाहून काकींच्या लेकीच्या सासरची मंडळी आली आहेत. उद्यापासून काकी त्यांच्या शेजारी राहायला जाणार. आपल्या आळीत नेमकं काय येतं आहे याची पूर्वसूचना मिळण्याचा त्यांना अधिकार आहे, म्हणून पुष्कळांना ठाऊक असलेली गोष्ट मी मुळापासून सांगतो. ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी आपण त्या गोष्टीत कसे दिसलो हे ऐकण्यासाठी बसावं.

मंडळी, आमच्या गावाच्या टोकाला एक कातळकडा आहे. काळसर, सरळ, मधोमध एक उभी भेग. सकाळी तो भिंतीसारखा दिसतो आणि संध्याकाळी ऊन आडवं झालं की त्याच्यावरची एकेक खाच, एकेक कंगोरा वर येतो, जणू झोपलेल्या जनावराच्या बरगड्या. एका घरातल्या वाटणीत त्याच्या पायथ्याची गवताची जमीन भावाला आली आणि हा दगड बहिणीला. त्या बहिणीला अख्खं गाव आत्याबाई म्हणे. लोक हळहळले, की बापाने पोरीच्या पदरात धोंडा घातला. आत्याबाई म्हणाल्या, "बरंच झालं. माझा वाटा कुणी बांध कोरून नेणार नाही."

त्या कड्यावर आमच्या मंडळाची मुलं चढायची. आत्याबाई खिडकीत खुर्ची टाकून पाहत बसायच्या. कुणी वर पोचलं की मान डोलवायच्या, कुणी घसरून दोरावर लोंबकळलं की अधिकच खुशीत डोलवायच्या. आणि एक दिवस त्यांनी तो दगड मंडळाला देऊन टाकला. मी बातमी घ्यायला गेलो तेव्हा विचारलं, "आत्याबाई, का दिलात?" म्हणाल्या, "इतकी वर्षं फुकट पाहिलं. तिकीट नको का काढायला?"

इथवर सगळं सुरळीत. पुढे दानपत्र करायचं ठरलं, आणि इथे आमच्या विद्वान सचिवांचा प्रवेश होतो. वकीलसाहेब, आपण स्मित करता आहात, ते तसंच राहू द्यावं.

वकीलसाहेब स्वतः चढणारे. अख्खी समिती चढणारी. मोजणीच्या दिवशी ही सगळी मंडळी कड्याखाली गवतात उभी राहिली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. भेग कुठून कुठवर जाते, छज्जा कुठे पुढे येतो, माथ्यावरची शेवटची पकड कुठे, सगळं मापलं गेलं आणि दानपत्राच्या नकाशात उतरलं. शेतकऱ्याने आधी खाली पाहिलं असतं. गवंड्याने पाया कुठे आहे ते विचारलं असतं. जन्मभर वर पाहणाऱ्या या लोकांपैकी एकानेही आपण या घटकेला उभे कुठे आहोत, हे पाहिलं नाही. दानपत्र झालं. दगड मंडळाचा झाला, माथ्यापासून पायथ्याच्या रेषेपर्यंत. आणि त्या रेषेच्या अलीकडे जिथे पाऊल टेकून चढायला सुरुवात करायची, ते गवत राहिलं आत्याबाईंच्या भाच्याचं. संस्कृतात डोंगराला भूधर म्हणतात, भूमीला धरून ठेवणारा. आमच्या मंडळाला भूधर मिळाला. भू राहून गेली.

आत्याबाई होत्या तोवर कुणाला याचा पत्ताही नव्हता. त्या गेल्या, आणि महिन्याभरात पायवाटेच्या तोंडाशी तार लागली. तारेवर पाटी, 'खासगी जागा'. समिती भाच्याकडे गेली. भाचा म्हणजे आपले टायरवाले भाऊ. ते तेव्हा ट्रकच्या चाकाखाली जॅक लावत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दगड तुमचा, गवत माझं. आपापलं सांभाळू." यात चूक काय होती? वकीलसाहेबांनी दानपत्र काढून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घरी जाऊन डोकं दुखतंय म्हणून झोपले.

पुढची बातमी आणखी वाईट होती. मागच्या टेकडीतली खडी फोडून न्यायला ठेकेदाराला ट्रकसाठी रस्ता हवा होता, आणि तो रस्ता कड्याच्या अगदी पायाशी, त्याच गवतातून जाणार होता. भाऊंनी त्याला उन्हाळा संपेपर्यंत होकार किंवा नकार कळवायचं कबूल केलं होतं. एकदा ट्रक सुरू झाले की त्या कड्याखाली पुन्हा कुणालाही उभं राहता येणार नव्हतं. देणगी मिळालेला दगड आम्ही रस्त्यावरून पाहायचा, धुळीतून दिसला तर.

म्हणजे ती पट्टी विकत घ्यायला हवी, म्हणजे वर्गणी हवी. समिती दारोदार फिरली. गावाने अतिशय अदबीने नकार दिला. आमचे औषधदुकानदार, जे या क्षणी खांबाआड सरकले आहेत, म्हणाले, "दगडाला पैसे कशाला? तो काय पळून जाणार आहे?" युक्तिवाद बिनतोड होता. मी तो छापलासुद्धा.

आणि या टप्प्यावर शिलाईकाकी समितीत आल्या.

पाहुण्यांना सांगतो, काकी दोराच्या बाईच नव्हेत. त्या ताडपत्र्या, दप्तरं, खुर्च्यांची आसनं शिवणाऱ्या. मंडळाशी त्यांचा संबंध भांडणातून आला. एका आरोहकाने कमरेचा जुना पट्टा शिवायला आणून दिला. काकींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "यावर काय ठेवतोस?" तो म्हणाला, "मी स्वतः लटकतो." काकींनी कात्री घेतली, त्याच्यादेखत पट्ट्याचे दोन तुकडे केले आणि सांगितलं, "आता नवा घे." असं करणाऱ्या बाईला समितीत घ्यावं की तिच्यावर दावा लावावा, यावर बराच खल झाला. दावा वकीलसाहेबांनाच लढवावा लागला असता, म्हणून समितीत घेतलं.

काकींनी पहिल्याच बैठकीत फर्मान काढलं. "ज्याने त्या दगडाला हात लावला नाही, त्याची वर्गणी घ्यायची नाही."

वकीलसाहेब म्हणाले, "अहो काकी, आधीच कुणी देत नाही. त्यात अट कुठे घालता?"

"कापड हाताला लागल्याशिवाय गिऱ्हाईक घेतं का? नुसतं दुरून 'छान आहे, छान आहे' म्हणतं आणि पुढच्या दुकानात जातं."

"पण हात लावायचा तर खाली जायला हवं. खाली तार आहे."

"वर नाही ना? वरून सोडा."

मंडळी, सभागृहात शांतता आहे, कारण आता काय येणार हे बहुतेकांना स्वानुभवाने ठाऊक आहे.

माथ्यावर मागच्या अरुंद सरकारी वाटेने चालत जाता येतं, वळसा मोठा पण वाट आपल्या हक्काची. तिथून माणसाला पट्टा बांधायचा, डोक्यावर हेल्मेट घालायचं, आणि विहिरीत घागर सोडावी तसं कड्यावरून खाली सोडायचं. गवतापासून पुरुषभर उंचीवर थांबवायचं, कारण पाऊल टेकलं तर आगळीक. मग त्याने दगडाला हात लावायचा, आणि कप्पीवरून सगळ्यांनी मिळून त्याला वर ओढायचं. रविवारमागून रविवार हा उद्योग चालला. या गावातली सभ्य, कर भरणारी, चष्मा लावणारी माणसं एकामागून एक कड्यावरून लोंबकळली.

औषधदुकानदार डोळे मिटून उतरले आणि मिटूनच वर आले. काकींनी विचारलं, "काय दिसलं?" ते म्हणाले, "दिसलं नाही, पण हाताला लागलं." आणि मग बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत बसले. आमच्या अध्यक्षाबाई उतरताना त्या कड्याला सरळ उभं राहायला सांगतील अशी आमची अपेक्षा होती. त्या गप्प उतरल्या. वर आल्यावर हेल्मेट काढून म्हणाल्या, "शाळेच्या खिडकीतून मी हा रोज पाहिला. मुलांना म्हणत असे, बाहेर पाहू नका." पुढच्या रविवारी आपल्या निवृत्त मैत्रिणींची फौज घेऊन हजर झाल्या.

मीही उतरलो. वृत्तांकनासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे, तो पाहुण्यांनी समजून घ्यावा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. कडा सोडण्यापूर्वी जाणाऱ्याने विचारायचं, "धरलंय?" आणि दोर हाती असणाऱ्याने सांगायचं, "धरलंय, निघ." प्रश्न विचारल्याशिवाय आणि उत्तर ऐकल्याशिवाय कुणीही, कितीही निष्णात असला तरी, पाय उचलायचा नाही. मी आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले, पण उत्तराची इतकी गरज कधीच नव्हती. माझा आवाज फुटेना. कुणीतरी मागून म्हणालं, "साहेब, मुलाखत घ्यायची नाहीये, एकच शब्द आहे." शेवटी विचारलं. उत्तर आलं. मी गेलो.

आणि मग, मंडळी, थट्टा संपते. ऊन उतरलं होतं. मी तळहात दगडावर टेकला आणि तो गरम होता. वारा गार सुटला होता, माझे कान गार पडले होते, आणि तो दगड दिवसभराचं ऊन पोटात धरून होता. नाकापासून वीतभर अंतरावर एका भेगेत चिमूटभर माती, आणि तिच्यात एक बोटभर रोप, त्याला पांढरं फूल. कुणासाठी? इतकी वर्षं मी त्या कड्याला बातमीत 'निसर्गरम्य स्थळ' म्हणत आलो. दगडाला माझ्याविषयी काही म्हणायचं असतं तर त्याने काय म्हटलं असतं, हा विचार तेव्हा प्रथम आला. शब्दांचा व्यापार करणारा मी, मला वर ओढून घेतल्यावर काकींनी विचारलं, "काय साहेब?" आणि माझ्यापाशी एक शब्द नव्हता. काकी म्हणाल्या, "बरं आहे. आता वर्गणी द्या."

वर्गणी जमत गेली. तरी ठेकेदाराच्या आकड्याच्या आसपासही पोचेना. उन्हाळा सरत आला. तेव्हा काकी स्वतः टायरच्या दुकानात गेल्या. माझ्या स्कूटरचं मागचं चाक त्या वेळी भाऊंच्या हातात होतं, म्हणून जे घडलं त्याचा मी साक्षीदार.

काकींनी प्रस्तावना केली नाही. "किती दिवस रागावणार आहेस?"

भाऊ म्हणाले, "मी कशाला रागावू? व्यवहार आहे."

"व्यवहार असता तर केव्हाच विकून मोकळा झाला असतास."

भाऊंनी चाक पाण्यात बुडवलं. बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिले. मग पाण्याकडेच पाहत म्हणाले, "काकी, मी लहान होतो तेव्हापासून या लोकांना खालून पाहतोय. आत्याच्या घरी पाणी प्यायला यायचे, मी तांब्या भरून द्यायचो. 'धरलंय? धरलंय, निघ.' झोपेतसुद्धा ऐकू यायचं. माझ्या गवतातून गेले, माझ्या गवतात बसले. इतक्या वर्षांत एकाने म्हटलं का, 'चल, तूही ये'?"

वकीलसाहेब, समितीच्या वतीने या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही.

काकींनी माफी वगैरे मागितली नाही. म्हणाल्या, "मी म्हणते. चल, ये."

"आत्ता? दुकान कोण बघेल?"

"टायर पळून जाणार आहेत का? सगळे पंक्चर तर आहेत."

त्याच दुपारी भाऊ माथ्यावर आले. दोर कड्यावरच्या खिळ्यांना पक्का होता, मागे दोन जाणते उभे होते, पण सोडायचा दोर काकींनी स्वतःच्या हातात घेतला. भाऊ कड्याच्या टोकाशी पाठमोरे उभे राहिले. आता विचारायला हवं होतं. ज्यांच्याविरुद्ध तार लावली त्यांनाच, सगळ्यांसमोर. ते उभे राहिले. आम्ही उभे राहिलो. कुणीतरी खोकलं, काकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की खोकला बरा झाला. मग अगदी हळू आवाज आला. "काकी, धरलंय?"

"धरलंय रे. निघ."

ते उतरत गेले. मध्यावर दोर थांबवायला सांगितला आणि मान वळवून खाली पाहत राहिले. पुरुषभर उंची उरली तेव्हा काकींनी ओरडून विचारलं, "थांबवू का?"

खालून उत्तर आलं, "सोडा काकी. गवत माझंच आहे."

इतक्या महिन्यांत त्या कड्याच्या पायाशी पाऊल टेकणारा तो पहिला माणूस. ते दगडाकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात टेकून. मग पट्टा सोडला, दोराच्या टोकाला नीट अडकवून ठेवला, आणि वर एकदाही न पाहता पायवाटेने चालू लागले. संपलं, असंच वाटलं. वरून ती वाट मी पहिल्यांदाच अशी पाहत होतो. हिरव्या गवतातून रस्त्यापासून कड्यापर्यंत एकच बारीक रेघ, न चुकता, न वाकता, आणि तिच्यावरून लहान लहान होत जाणारा एक माणूस. तो तारेपाशी पोचला, वाकला, आणि बराच वेळ तिथेच काहीतरी करत राहिला. काकींची नजर माझ्यापेक्षा चांगली. त्या म्हणाल्या, "पक्कड आहे हातात."

तार तुटली. सगळी नाही. माणूस जाईल एवढी.

माथ्यावर आम्ही पुष्कळजण होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोर तसाच कड्यावरून खाली लोंबत होता आणि कुणालाही तो ओढून घ्यायची घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊ काकींच्या दुकानात आले. पायवाट आणि कड्याच्या पायाची पट्टी मंडळाला, जमलेल्या वर्गणीत. ठेकेदाराला नकार. बाकीचं गवत आपल्याकडे. मी मागाहून त्यांना विचारलं, असं काय पाहिलंत? म्हणाले, "खालून ती वाट म्हणजे माझ्या गवताचं नुकसान होतं. वरून पाहिली तर आमच्या आत्याच्या भांगासारखी दिसली." आणि टायरकडे वळले. त्यांनी एकच अट घातली होती. "फाटक लावायचं नाही. कुणी यावं, कधीही यावं. मला म्हणायला कुणी आलं नाही, तसं दुसऱ्याचं व्हायला नको." नव्या खरेदीखतात वकीलसाहेबांनी या खेपेस जमीन बोटाबोटाने मोजली. पण ही अट तेवढी तोंडीच राहिली. काकी होत्या, मग लिहायची गरज कुणाला वाटली?

तर अशा या काकी. चढायला त्या कधी शिकल्या नाहीत, आजवर स्वतः एकदाही खाली उतरल्या नाहीत. विचारलं तर म्हणतात, "वर कुणीतरी राहायला नको का?" त्यांना मंडळाने मानचिन्ह देऊ केलं आहे. त्या म्हणाल्या, पुसायला एक वस्तू वाढली. सासरच्या मंडळींनो, मी पूर्वसूचना दिलेली आहे.

आता आभार. अध्यक्षाबाईंनी मला वेळेची घंटा दाखवूनही वाजवली नाही, त्यांचे. सभागृह देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आणि त्या दोराला कधी ना कधी लोंबकळलेल्या आपणा प्रत्येकाचे. बोलण्याच्या भरात कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर जुना विद्यार्थी समजून पदरात घ्यावं. पेल्याबद्दलची तक्रारही मी मागे घेतो. झाकण नव्हतं म्हणून पाणी पटकन पिता आलं.

एक राहिलं. परवा समितीची बैठक झाली. काकी सामान बांधत होत्या म्हणून नव्हत्या. भाऊ सभासद नाहीत. बैठकीत पायवाटेला फाटक लावायचा विषय निघाला. गर्दी वाढते आहे, कचरा होतो, कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, किल्ली सभासदांपाशी राहील. एकही मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. निर्णय पुढच्या बैठकीत होणार आहे. मला काळजी त्या फाटकाची नाही. मी तिथे बसलो होतो, ऐकत होतो, आणि मला ते सगळं पटत होतं.